एकीने फ्लॅट सोडला म्हणून तिघींनी का सोडावा?

प्रति,
पुण्यात विद्यार्थ्यांना फ्लॅट भाड्याने देणारे घरमालक, त्यांचे एजंट आणि गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापक समित्या यांस,

स. न. वि. वि.

पुण्यातल्या एका सोसायटीत लिफ्टशेजारच्या फलकावर गेल्या महिन्यात एक सूचना लागली. विद्यार्थी भाडेकरूंच्या गटातील कोणीही मुदतीपूर्वी फ्लॅट सोडल्यास उरलेल्यांनीही त्या महिन्याअखेर जागा रिकामी करावी, अन्यथा सभासदाकडून दरमहा जादा आकार वसूल केला जाईल, असे तीत म्हटले होते. खाली शिक्का आणि सचिवांची सही होती. त्या इमारतीत माझी मुलगी आणखी तिघींबरोबर राहते. चौघींपैकी एक जानेवारीअखेर आपल्या गावी परतली आणि उरलेल्या तिघींच्या परीक्षा मे महिन्यात आहेत. सोसायटीचे किंवा घरमालकांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण हा प्रकार एका इमारतीपुरता असता तर कराडहून दोन फोन करून तो मिटला असता. मुलीच्या मैत्रिणींच्या पालकांशी बोलल्यावर कळले की कर्वेनगरपासून धनकवडीपर्यंत आणि सदाशिव पेठेपासून विमाननगरपर्यंत हेच चालते; फरक फक्त रकमेचा. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना, उघडपणे लिहीत आहे.

घरमालकांची बाजू मला परकी नाही. कराडला आमच्या घराचा वरचा मजला अभियांत्रिकीच्या मुलांना भाड्याने दिलेला असतो. किल्ली शेजारच्या दुकानात टाकून रातोरात गेलेला भाडेकरू, तीन महिन्यांचे थकलेले लाइट बिल आणि गॅलरीत सोडून दिलेली मोडकी कॉट हे सगळे मी पाहिले आहे. तेव्हा विद्यार्थ्याने वाटेल तेव्हा उठून जावे आणि मालकाने हसतमुखाने डिपॉझिट परत द्यावे, असे माझे म्हणणे नाही. मुदतीआधी जाणाऱ्यामुळे मालकाचे नुकसान होते आणि ते भरून मिळणे हा त्याचा हक्क आहे. ते किती, कोणाकडून आणि कितीदा वसूल करायचे, एवढ्यावरच माझा आक्षेप आहे.

आमच्या मुलींच्या बाबतीत झालेला हिशेब आधी मांडते. टूबीएचके फ्लॅट, भाडे दरमहा २८,००० रुपये, डिपॉझिट एक लाख. चौघींनी प्रत्येकी ७,००० भाडे आणि २५,००० डिपॉझिट दिले. करार जुलै ते मे असा अकरा महिन्यांचा. त्यातल्या एका मुलीच्या आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले आणि घरात दुसरे करणारे कोणी नसल्याने तिने शिक्षण थांबवले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिने मालकांना लेखी कळवले, महिनाअखेर आपले कपाट रिकामे केले, लाइट बिलाचा आपला वाटा भरला आणि किल्ली परत दिली. घरमालकांनी तिचे २५,००० रुपये परत दिले नाहीत. त्यातले ७,००० पेंटिंगचे आणि १८,००० लॉक-इन, म्हणजे मुदतीआधी घर न सोडण्याची अट, मोडल्याचे, असे त्यांनी व्हॉट्सअॅपवर कळवले. त्याच संदेशात पुढे उरलेल्या तिघींना सांगितले होते की फेब्रुवारीपासून दरमहाचे पूर्ण २८,००० रुपये त्यांनीच द्यायचे आहेत.

म्हणजे जी मुलगी गेली, तिच्या वाट्याचे चार महिन्यांचे भाडे होते २८,०००. त्यापोटी तिच्याकडून १८,००० कापून घेतले आणि तोच चार महिन्यांचा वाटा म्हणून तिघींकडून पुन्हा पूर्ण २८,००० मागितले. पेंटिंग बाजूला ठेवले तरी २८,००० च्या नुकसानीपोटी ४६,००० ची वसुली झाली. फेब्रुवारीच्या मध्याला मुलींनी त्यांच्याच कॉलेजातली, तेवढेच भाडे द्यायला तयार असलेली एक मुलगी शोधून आणली. तेव्हा एजंटाने सांगितले की नवा करार म्हणजे नवे ब्रोकरेज, म्हणजे पूर्ण एक महिन्याचे भाडे, २८,००० रुपये. साडेतीन महिन्यांसाठी राहायला येणाऱ्या मुलीने हे का द्यावे, या प्रश्नावर 'पद्धतच आहे' एवढेच उत्तर मिळाले. ती मुलगी आली नाही. त्यानंतर फलकावर सोसायटीची सूचना लागली.

माझ्या तक्रारी आता एकेक करून सांगते.

पहिली तक्रार करारातल्या त्या वाक्याबद्दल आहे, जे सही करताना कोणीच वाचत नाही. सर्व भाडेकरूंची जबाबदारी एकत्रित तसेच वैयक्तिक राहील, असे ते वाक्य असते. एका कुटुंबाला घर देताना ते ठीक आहे, कारण नवरा-बायकोचा खिसा बहुधा एकच असतो. पण चार गावांहून आलेल्या, जुलैपूर्वी एकमेकींचे नावही न ऐकलेल्या चार मुलींना एजंटच एकत्र आणतो, चौघींचे अंगठे बायोमेट्रिक यंत्रावर घेतो आणि त्या क्षणापासून एकीच्या घरच्या अडचणीला उरलेल्या तिघी जामीन ठरतात. आत येताना चौघींकडून चार वेगळी डिपॉझिट, चार वेगळी ओळखपत्रे आणि पोलिसांकडे द्यायची चार जणींची माहिती घेतली जाते. जाताना मात्र चौघी मिळून एकच भाडेकरू असतात. हा दुटप्पीपणा मला मान्य नाही.

दुसरी तक्रार लॉक-इनबद्दल. लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याच्या कराराच्या, सर्वसाधारण मसुद्यात दोन्ही बाजूंना एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवण्याची सोय असते. विद्यार्थ्यांच्या करारात त्यावर अकरा महिन्यांचे लॉक-इन चढवले जाते, तेही एकाच बाजूने. मालकाला घर विकायचे असेल किंवा मुलगा परदेशातून परतत असेल, तर त्याने महिन्याची नोटीस द्यावी. विद्यार्थ्याने मात्र अकरा महिने हलू नये. विद्यार्थी का हलतात हे पुण्यात घर देणाऱ्याला ठाऊक नसते असे नाही. सीईटीच्या प्रवेशफेऱ्या लांबतात आणि नंतरच्या फेरीत दुसऱ्या शहरातले कॉलेज मिळते. अभियांत्रिकीच्या शेवटच्या सत्रात बंगळूर किंवा हैदराबादची इंटर्नशिप लागते आणि जानेवारीत निघावे लागते. स्पर्धा परीक्षेचा निकाल लागतो; कोणी निवडला जातो, कोणी नाद सोडून गावी जातो. हे दरवर्षी, ठरावीक महिन्यांत घडते. जे दरवर्षी घडते, त्याची तरतूद करारात असायला हवी. दरवेळी तो करारभंग मानून दंड घेणे सोपे आहे, पण न्याय्य नाही.

इथे एक तुलना केल्यावाचून राहवत नाही. विद्यार्थ्याने प्रवेश रद्द केल्यास कॉलेजने फी किती परत करायची, याची उतरती पायरी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये ठरवून दिली. प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या पंधरा दिवस आधीपर्यंत पूर्ण, नंतर ९०, ८०, ५० टक्के असे करत अंतिम तारखेनंतर तीस दिवस उलटल्यावर शून्य. ती पायरी उत्तम आहे असे मी म्हणत नाही, पण पायरी आहे. विद्यार्थी आणि पालक ती आधी वाचू शकतात. ज्या मुलाचे कॉलेज अशा नियमाने बांधलेले आहे, त्याच मुलाच्या खोलीचा व्यवहार मात्र मालकाच्या मर्जीवर चालतो.

तिसरी तक्रार डिपॉझिटमधून होणाऱ्या कपातीची. पेंटिंग आणि डीप क्लीनिंगच्या नावाखाली एक महिन्याचे भाडे कापण्याची रीत पुण्यात इतकी रुळली आहे की एजंट ती तोंडी सांगतात, जणू तो सरकारी करच आहे. आमच्या मुलींकडे घरमालक पाहणीला आले तेव्हा त्यांनी दारामागच्या हुकची भोके मोजली आणि टेबलावरच्या भिंतीला टाइमटेबल चिकटवल्याचे टेपचे पिवळट डाग मोबाइलमध्ये टिपून घेतले. ते डाग मुलींनीच पाडले होते, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच खोलीत खिडकीखालच्या भिंतीला पावसाळ्यापासून ओल आलेली आहे आणि रंगाचे पोपडे पलंगावर पडतात, त्याचा फोटो त्यांनी घेतला नाही. शिवाय एक मुलगी मध्येच गेली म्हणून कोणी रंगारी बोलावलेला नाही. उरलेल्या तिघी त्याच भिंतींत राहत आहेत. न दिलेल्या रंगाचे ७,००० रुपये कुठे गेले, हे विचारल्यावर मेमध्ये एकदम रंगवू, असे उत्तर मिळाले. मेमध्ये तिघींचेही पैसे कापले जाणार, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले आहे.

चौथी, ब्रोकरेजची. भाडेकरू बदलला तर करार नव्याने नोंदवावा लागतो, हे खरे. त्याचा सरकारी खर्च मात्र किती, ते पालकांनी एकदा बघावे. एकूण भाडे आणि डिपॉझिटवर १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. २८,००० भाड्याच्या अकरा महिन्यांच्या करारावर ते ८०० रुपयांच्या घरात येते आणि शहरात नोंदणी फी १,००० रुपये आहे. उरलेल्या मुदतीसाठी तर शुल्क याहून कमी. वरचे किरकोळ आकार आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची मजुरी धरली तरी हे काम काही हजारांत होते. मुलगी मुलींनीच शोधली, फ्लॅट दाखवायला कोणी आले नाही, मग २८,००० कशाचे?

पाचवी तक्रार सोसायट्यांच्या समित्यांबद्दल आहे आणि ती थोडक्यात सांगते, कारण तिथे वादाला जागाच कमी आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या नमुना उपविधींनुसार सभासदाने सदनिका लिव्ह अँड लायसन्सने देताना संस्थेला आठ दिवस आधी कळवायचे असते. संस्थेच्या ना हरकत दाखल्याची त्यासाठी गरज नाही. सभासद स्वतः न राहता सदनिका भाड्याने देतो म्हणून संस्था घेते ते बिगरभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा शासनाचा आदेश २००१ पासून आहे. मग नवी मुलगी येताना तिची समितीपुढे मुलाखत, सामान आणण्या-नेण्याचा आकार, जादा दंड आणि आता उरलेल्यांना बाहेर काढण्याची सूचना, हे कोणत्या अधिकारात चालते? रात्रीचा गोंधळ, पार्किंग, कचरा याबद्दल तक्रार असेल तर ती जरूर करा. पण जो तसे वागतो त्याच्याविरुद्धच करा. मैत्रीण गावी गेली, हे गैरवर्तन नव्हे.

आता कायद्याबद्दल दोन शब्द. मी वकील नाही, परंतु स्वतः भाड्याने घर देत असल्याने एवढे वाचावे लागले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे व ती जबाबदारी घरमालकाची आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. विद्यार्थ्यांना केवळ पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. मुदत संपूनही भाडेकरू हटला नाही तर कलम २४ मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळवून देते. विद्यार्थ्याला मात्र अडकलेले २५,००० रुपये सोडवायला दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि तेवढ्या रकमेसाठी नांदेडहून पुण्याला तारखांना कोणी येत नाही. कपातीची सारी हिंमत या एका वस्तुस्थितीवर उभी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

करारात लिहिले आहे म्हणून संपूर्ण डिपॉझिट जप्त करता येते, हा समजही बरोबर नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. नुकसान झालेच नसेल तर भरपाई मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात स्पष्ट केले आहे. कलम ७३ च्या स्पष्टीकरणात तर असे म्हटले आहे की नुकसान मोजताना ते टाळण्याचे जे मार्ग उपलब्ध होते, तेही विचारात घ्यायचे. तेवढ्याच भाड्याने यायला तयार असलेल्या मुलीला परत पाठवणाऱ्याने मार्च, एप्रिल आणि मेच्या भाड्याला नुकसान म्हणावे, हे या कलमापुढे कसे टिकेल, ते आपणच सांगावे. केंद्राचा २०२१ चा नमुना भाडे कायदा राज्यांवर बंधनकारक नाही; तरी निवासी जागेसाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावे आणि देणे वजा करून ते ताबा घेतानाच परत करावे, ही त्यातली कल्पना वाजवी नाही असे कोण म्हणेल? आमच्या मुलींकडून साडेतीन महिन्यांहून अधिक भाड्याइतकी रक्कम घेतली होती.

यावर माझ्या ओळखीच्या एका घरमालकांनी विचारले की, असे केले तर विद्यार्थ्यांना घर देणारच कोण? प्रश्न रास्त आहे. पण हेच मालक कुटुंबापेक्षा विद्यार्थ्यांना घर देणे पसंत करतात, कारण तीच जागा डोक्यामागे भाडे लावून जास्तीला जाते आणि दरवर्षी नव्या मुलांकडून नवा दर मिळतो. डोक्यामागे भाडे घ्यायचे, तर डोके कमी झाल्याचा थोडा धोकाही आपण घ्यायला हवा. २०२० च्या टाळेबंदीत मुले गावी आणि पुस्तके, कपडे पुण्यातल्या बंद फ्लॅटमध्ये, अशी स्थिती असताना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी असे गृहनिर्माण विभागाला सांगावे लागले होते. तेव्हाही कित्येक मालकांनी स्वतःहून निम्मे भाडे सोडले, हे मला माहीत आहे. सगळेच मालक एका माळेचे मणी नाहीत. चांगल्यांची जी रीत आहे, ती कागदावर यावी एवढेच मागणे आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

विद्यार्थ्यांच्या सामायिक करारात प्रत्येकाचे भाडे आणि डिपॉझिट यांचा वाटा त्याच्या नावापुढे लिहावा आणि एकजण मध्येच गेल्यास काय करायचे, याचे स्वतंत्र कलम असावे. जाणाऱ्याने तीस दिवसांची लेखी नोटीस द्यावी. त्या मुदतीत त्याने किंवा उरलेल्यांनी बदली भाडेकरू आणल्यास मालकाने तो स्वीकारावा. नाकारायचा तर कारण लेखी द्यावे. बदली न मिळाल्यास जाणाऱ्याच्या डिपॉझिटमधून नोटिशीनंतर जास्तीत जास्त आणखी एका महिन्याचा वाटा घ्यावा. त्यानंतर उरलेल्यांनी पूर्ण भाडे भरून राहायचे की महिन्याची नोटीस देऊन निघायचे, हे त्यांना ठरवू द्यावे. एकाच वाट्याचे पैसे जाणाऱ्याकडून आणि राहणाऱ्यांकडून, दोघांकडून, कोणत्याही स्थितीत घेऊ नयेत. लॉक-इन ठेवायचेच असेल तर ते तीन महिन्यांहून अधिक नसावे, दोन्ही बाजूंना सारखे असावे, आणि विद्यार्थ्याचे किंवा घरातल्या माणसाचे गंभीर आजारपण, मृत्यू किंवा कॉलेज बदलणे यांत ते लागू नसावे.

राहायला येताना आणि जाताना दोन्ही बाजूंनी सह्या केलेली एक यादी करावी. तीत महावितरणच्या मीटरचे रीडिंग, गीझर, पंखे, नळ, कपाटांच्या किल्ल्या, गॅस सिलिंडर आणि भिंतींची अवस्था नोंदवावी व फोटो जोडावेत. अर्ध्या तासाचे काम आहे. आम्ही कराडला ते वहीत करतो. त्या यादीपलीकडची कपात करू नये, केली तर पावती द्यावी, आणि उरलेले डिपॉझिट जाणाऱ्याला पंधरा दिवसांत परत करावे. प्रत्यक्ष रंग न देता पेंटिंगचे पैसे घेऊ नयेत.

एजंटांनी बदली भाडेकरूच्या करारासाठी कागदपत्रांची वाजवी मजुरी घ्यावी. त्यांनी स्वतः माणूस शोधून दिला नसेल तर ब्रोकरेज घेऊ नये. सोसायट्यांनी अशा सूचना तातडीने मागे घ्याव्यात आणि चालू शैक्षणिक वर्षाच्या परीक्षा संपेपर्यंत कोणाही विद्यार्थ्याला, सहनिवासी गेला या कारणावरून, जागा सोडायला सांगू नये. नोंदणी व मुद्रांक विभागाने ऑनलाइन भाडेकराराच्या नमुन्यात सामायिक भाडेकरूंसाठी वर सांगितलेले कलम पर्याय म्हणून उपलब्ध करून द्यावे, अशी विनंती मी त्या विभागालाही स्वतंत्र पत्राने करत आहे.

आमच्या मुली राहतात त्या फ्लॅटचे मालक हे पत्र वाचतील, असे धरून त्यांना एवढेच सांगते. गेलेल्या मुलीच्या डिपॉझिटमधून फेब्रुवारीचे ७,००० आणि भिंतीवरच्या डागांचा प्रत्यक्ष खर्च वजा करून बाकी रक्कम तिच्या खात्यात जमा करावी. मार्चपासूनचे पूर्ण भाडे तिघी भरतील. तसे त्यांनी लिहून दिले आहे आणि आम्ही पालकांनी त्याखाली सह्या केल्या आहेत. मात्र त्या मुलीचा वाटा भरून काढायला तिघींनी चौथी मुलगी आणली, तर तिला ब्रोकरेजच्या नावाखाली अडवू नये. सोसायटीच्या समितीकडून सूचना मागे घेतल्याचे लेखी उत्तर एप्रिलअखेर मिळावे. न मिळाल्यास उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करण्यावाचून आम्हाला पर्याय राहणार नाही. बाकी मालकांनी आणि एजंटांनी जूनमध्ये नवे करार छापायला देण्यापूर्वी वरील कलमावर आपसात विचार करावा आणि हरकती असतील तर त्या उघडपणे मांडाव्यात. त्यांना उत्तर द्यायला मी बांधील आहे.

आपली,
एक पालक आणि घरमालकीण, कराड